मागच्या खोलीतला कॅमेरा

“आई, उठला का गं तो?”

भिंतीतून आवाज आला आणि रतनबाईच्या हातातली तेलाची वाटी कलंडली. खोलीत ती आणि चार महिन्यांचा नातू, तिसरं कुणी नव्हतं. मग कपाटावरचा पांढरा कॅमेरा तिच्या ध्यानात आला. तिचा लेक प्रशांत दूध डेअरीत कामावर बसून मोबाईलवर तिला बघत होता. वर आज पहिल्यांदाच त्यातून बोलतही होता.

“उठलाय,” ती कपाटाकडं तोंड करून म्हणाली, आणि तिची तिलाच लाज वाटली.

हे खूळ सुनेचं. महिन्यापूर्वी एका सकाळी प्रज्ञानं पाळणा आपल्या खोलीतून ओढत मागच्या खोलीत नेला. “आजपासून हा इथं एकटा झोपेल. आई, तुमचं अंथरूण बाहेर दाराशी घाला,” एवढंच बोलली. दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या मागं लागून कॅमेरा आणवला. प्रशांतला वाटलं, हल्ली सगळे असंच करतात. रतनबाईला तसं वाटलं नाही. देवळाली प्रवऱ्यात तिनं तीन लेकरं पदराखाली वाढवली होती. चार महिन्यांचं पोर भिंतीपलीकडं टाकलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

आणि तेवढ्यावर थांबलं नव्हतं. प्रज्ञा आता बाळाला अंघोळ घालत नसे. पाजायला घेतलं तर सासूला हाक मारी, “तुम्ही पण बसा ना इथं.” पाजून झालं की लगेच बाळ सासूच्या हातात. एरवी उंबऱ्यावर उभी राही. आत पाऊल टाकत नसे, नुसती बघत राही. बाळ रडायला लागलं की मोरीत जाऊन नळ सोडी. घरातली विळी तिनं शेजारी देऊन टाकली होती. नाशिक रस्त्यावरच्या दुकानातून चिरलेली भाजी यायला लागली होती.

“आतडंच न्हाई बाईला,” रतनबाई गावाकडं जावेला फोनवर म्हणाली होती. प्रज्ञा तेव्हा दारातच होती. ऐकून ती आल्या पावली मागं फिरली.

आज मात्र रतनबाईचा पारा चढला. सून पोराला हात लावत नाही, आणि पाळत कुणावर? तर रात्रंदिवस राबणाऱ्या म्हातारीवर! तिनं बाळाला थोपटून झोपवलं. खुंटीवरचं दुपटं घेतलं, कॅमेऱ्यावर टाकलं, आणि वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली.

दुपारचे तीन वाजले होते. निम्मे कपडे काढून झाले तेव्हा खालून रडणं ऐकू आलं. रतनबाई वळली. मग थांबली. घेऊ दे की तिला. आई हाय ना ती. एकदा तरी घेऊ दे. ती मुद्दाम सावकाश लंगोटांच्या घड्या घालत बसली.

रडणं वाढलं. पोर टाहो फोडायला लागलं. रतनबाईनं दात आवळून आणखी एक घडी घातली.

आणि रडणं एकदम थांबलं.

दमून थांबतं तसं नाही. मध्येच तुटल्यासारखं. हातातले कपडे तिथंच टाकून रतनबाई जिन्यानं धावत उतरली.

मोरीतला नळ वाहत होता. हॉलच्या मधोमध एक उशी पडली होती, कुणी जोरानं भिरकावल्यासारखी. मागच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. बाळ पाळण्यात होतं. स्वतःची मूठ तोंडात कोंबून हुंदके देत होतं. पाळण्यापासून लांब, खिडकीखाली, प्रज्ञा जमिनीवर बसली होती. दोन्ही हातांनी तिनं खिडकीचे गज धरले होते, बोटं पांढरी पडेपर्यंत.

रतनबाईनं बाळ उचलून छातीशी धरलं.

“कॅमेऱ्यावर कापड कुणी टाकलं?” प्रज्ञानं विचारलं. तिचा आवाज फाटला होता.

“म्या टाकलं. माझ्यावर पाळत ठेवायला मी काय चोर हाय का?”

“तुमच्यावर नाही, आई. माझ्यावर.”

रतनबाईला काही कळेना. प्रज्ञानं गज सोडले नाहीत.

“तो रडला की माझ्या मनात भलतंच येतं. आपोआप येतं. आधी विळी दिसायची, आता उशी दिसते. मला कुणीतरी बघत असलं की हात आवरतात. आज कुणीच नव्हतं. मी दारातून उशी बाहेर फेकली आणि इथं येऊन धरून बसले. यांना काय सांगू? कुठली आई असं सांगेल?”

रतनबाई बाळाला घट्ट धरून दोन पावलं मागं सरकली. आपण सरकलो हे तिला उशिरा कळलं. प्रज्ञाला मात्र लगेच कळलं. तिनं मान हलवली, आणि महिन्यात पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर जरा सुटल्यासारखं दिसलं.

“तसंच, आई. तसंच लांब धरा त्याला.”

रतनबाई बाळाला घेऊन पुढं झाली आणि सुनेच्या शेजारी, खांद्याला खांदा लागेल अशी, जमिनीवर बसली. एका हातानं कमरेचा मोबाईल काढून तिनं प्रशांतला फोन लावला.

“आत्ताच्या आत्ता गाडी घेऊन ये. डॉक्टरीणबाईकडं जायचंय.”

“बाळाला काय झालं?” प्रशांत ओरडलाच.

“बाळाला काय बी झालं न्हाई. आजारी त्याची आई हाय,” रतनबाई म्हणाली. “आन् म्हैनाभर पोराची राखण तिनंच केलीय, आपुन न्हाई.”