खालचा स्क्रू

बोटीच्या जुन्या इंजिनाच्या खालच्या भागातून काढलेलं ऑइल दुधाळ निघालं, म्हणजे आत पाणी शिरलं होतं. बाबांनी त्या ऑइलचं भांडं माझ्यासमोर आदळलं.

"हे तुझे प्रताप! साधं ऑइल बदलता येत नाही आणि म्हणे मेकॅनिक. आजपासून इंजिनाला हात लावायचा नाही. दादाला बोलावतो."

"दादाला घरातला नळ धड बंद करता येत नाही," मी म्हणाले. "आधी पाणी कुठून शिरतंय ते बघू द्या, मग खुशाल हाकला मला."

इंजिनाचा खालचा भाग मी पाण्याने भरलेल्या टबात बुडवला आणि वरच्या भोकातून सायकलच्या पंपाने हळूहळू हवा भरली. बोट ढकलणाऱ्या पंख्यापाशी एकही बुडबुडा आला नाही. ऑइल सोडायच्या खालच्या स्क्रूपाशी मात्र रांगच लागली.

मी तो स्क्रू काढला. त्यावर मी स्वतः चढवलेला, पाणी अडवणारा नवा लाल वॉशर गायब होता.

"बाबा, माझ्यानंतर हा कोणी उघडला?"

बाबा पंख्याकडेच बघत राहिले. "मीच. तुझं काम नीट झालंय का, तेवढं बघायला."

खिशातला दुसरा वॉशर काढून मी त्यांच्या तळहातावर ठेवला.

"घ्या, या वेळी तुम्ही बसवा. मी नाही मागून उघडून बघणार."