बावीस खिळे

“जवळजवळ पूर्ण दिवसांचं आहे,” म्हणत डॉक्टरीणबाईंनी मेरुएर्तला बाळासकट घरी सोडलं. बाळ बावीस दिवस आधी आलेलं. सासूने कझाख रीतीने, कमी पडलेल्या प्रत्येक दिवसाला एक, असे भिंतीत बावीस खिळे ठोकले, नातवाला कोल्ह्याच्या केसाळ टोपीत निजवलं आणि टोपी रोज पुढच्या खिळ्याला टांगू लागली. पाचव्या खिळ्यापाशी मेरुएर्तच्या जिवाला थारा उरेना. बाळ दूध ओढेना, हलवलं तरी जागं होईना. “गुणी आहे,” सासू म्हणाली. “ह्याचा बाप घर डोक्यावर घ्यायचा.” “अपा, पिवळं दिसतंय,” मेरुएर्त सासूला म्हणाली. “कोल्ह्याचा रंग पडलाय. दिवस भरेपर्यंत बाहेर काढू नकोस.” मेरुएर्तने काढलंच. उजेडात नाकावर बोट दाबलं. बोट उचललं तिथे कातडी पिवळीजर्द. दवाखान्यात बाळ निळ्या दिव्याखाली निजलं. “घाबरू नका, जवळजवळ पूर्ण...” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सासूने रिकामी टोपी सलाइनच्या स्टँडला अडकवली. “जवळजवळ म्हणजे सतरा दिवस कमी, पोरी,” ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली.