सी-सातमधला एक नट

"एक नट शिल्लक आहे," कॉम्प्युटरवाला म्हणाला. "सी-सातचा बिन खोडता येत नाही."

"पुन्हा?" साहेबांचा चहा हातातच राहिला. "काल काढलास ना?"

"काढला होता. आज परत काढतो. एक रात्र रिकामा राहिला की सकाळी खोडता येईल."

स्टोअरमधल्या सगळ्यांनी मागे पाहिलं. मागे सी-सात नव्हताच. महिन्यापूर्वी तो रॅक मामांच्या अंगावर कोसळला आणि साहेबांनी आठवड्याच्या आत तो कापून भंगारात घातला. फरशीवर बोल्टांची चार भोकं उरली होती. कॉम्प्युटरमध्ये मात्र सी-सात उभा होता आणि त्याच्या बिनमध्ये, म्हणजे मालाच्या नोंदीच्या कप्प्यात, रोज सकाळी एक नट येऊन बसत होता. नोंद करणाऱ्याच्या जागी नाव मामांचं.

मामा म्हणजे जुने स्टोअरकीपर. त्यांची सून इथेच माल मोजायला होती. म्हातारा उगाच वर चढला, तिथे त्याचं कामच नव्हतं, असं साहेब सगळ्यांना सांगत सुटले होते. मामा कामाच्या चिठ्ठीशिवाय स्टुलावरसुद्धा चढत नसत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ज्या मालाची जागा कोणी नोंदवत नाही, त्याला सॉफ्टवेअर आपोआप एकच जागा द्यायचं: सी-सात. मामांच्या चिठ्ठीवर तेच छापून आलं, मामा वर चढले आणि जिवानिशी गेले. कागद साहेबांनी त्याच दिवशी खिशात घातला. कॉम्प्युटरमधली प्रत तेवढी उरली. ती साहेब आणि कॉम्प्युटरवाला, दोघांनाच उघडता येई. बिन खोडला की तीही जाणार होती.

आणि शुक्रवारी कारखाना निरीक्षक येणार होत्या.

"शुक्रवारच्या आत साफ पाहिजे," साहेब म्हणाले.

"हो साहेब."

"हो साहेब, हो साहेब!" साहेब गेल्यावर सून फणकारली. "कणा पण भंगारात घातलास का रे?"

त्याने मान वर केली नाही. नट काढला.

बुधवारी नट परत. गुरुवारी परत. पॅकिंगवाली बाई त्या भोकांवरून जायची बंद झाली. साहेब बाहेरच्या दाराने वळसा घालून येऊ लागले. सून मात्र तिथेच उभी राहून पुटपुटायची, "मामा, एकच दिवस. जागा सोडू नका." एकदा तर तिला त्यांचा खोकला ऐकू आला.

शुक्रवारी साहेब लवकर आले. "खोड."

"सी-सातमध्ये एक नट शिल्लक आहे."

"जो रॅकच नाही, त्यात नट कसा?" दारातून निरीक्षक बाईंनी विचारलं. त्या कधी आल्या कोणाला कळलंच नाही. त्यांनी सी-सातची नोंद उघडायला लावली, त्यातली चिठ्ठीची प्रत वाचली. "माणूस कामानेच चढला होता की."

साहेब खाली बसले. सुनेने भोकांकडे बघून हात जोडले.

"आणि मेलेल्या माणसाच्या नावाने नट कोण भरतंय?"

कॉम्प्युटरवाला उठला. "मी. रोज संध्याकाळी भरायचो, सकाळी काढायचो."

सुनेचे जोडलेले हात त्याच्याकडे वळले.

"मला नको, वहिनी," तो म्हणाला. "ती आपोआप मिळणारी जागा मीच ठरवली होती. रॅक वाकलाय, ती जागा बदल रे बाबा, असं मामा मला दोनदा येऊन सांगून गेले होते."