दुसरी टाकी

अण्णांनी तीन जुन्या गाड्यांचे भाग जोडून बनवलेल्या मोटरसायकलची टाकी गळायची. त्या शनिवारीही त्यांनी गळक्या सांध्यावर अंघोळीचा साबण घासला. "टाकी बदलू या," त्यांची लेक शरयू म्हणाली. "गाडी माझी. तू मागे बस," ते हसले. रविवारी ते झोपेतून उठलेच नाहीत.

महिन्याभराने शरयूने जुन्या बाजारातून दुसरी टाकी आणली. काका भडकले. "दादाची आठवण आहे ती! जशीच्या तशी हॉलमध्ये ठेवायची. त्याला हे खपलं नसतं."

"आठवण गळतेय, काका."

मिस्त्रीने टाकी बसवून पाहिली. "ताई, भोकं दोन बोटं चुकतायत. पट्टी वेल्ड करावी लागेल. जोड दिसेल."

"दिसू दे. अख्खी गाडीच जोडाची आहे."

पेट्रोल भरल्यावर तिने टाकीखालून हात फिरवला. हात कोरडा राहिला. तिसऱ्या किकला इंजिन धडधडलं. शरयू पुढे बसली. आजवर गिळलेलं वाक्य तिने मागच्या रिकाम्या सीटला मोठ्याने ऐकवलं, "अण्णा, मला चालवायची होती."

मग क्लच सोडता सोडता बजावलं, "आता तुम्ही मागे बसा."