तुळतुळीत

विमा कंपनीच्या बाई येण्याआधीच आण्णांची दाढी उरकली. पिराजी न्हावी वस्तरा गुंडाळून मागल्या दारानं गेला, तो आण्णांकडं न बघताच. आण्णांची मूठ अजून खाटेच्या कडेवर आवळलेली होती.

हट्ट लेकाचा, विजयसिंहचा. "बाहेरचं माणूस येणार, आन् तुमी हे रान माजवून बसणार? लोक म्हणतील, पोरगं बापाकडं बघत न्हाय." आण्णांच्या उजव्या गालावर कित्येक महिने वस्तरा फिरला नव्हता. वारा लागला तरी वीज पडल्यागत कळ जायची. पण लेकाच्या अब्रूचा सवाल. आण्णा बसले.

विमा कंपनीच्या अनुजाबाईंनी आल्या आल्या कागद काढले. रेडिओलहरींनी तापणाऱ्या सुईनं चेहऱ्याची शीर बधिर करायची, असा डॉक्टरांचा सल्ला होता. खर्च कंपनीचा, पण अटी दोन: गोळ्यांनी गुण आलेला नसावा, आणि गालाला स्पर्श सोसत नसावा. गोळ्यांचं त्यांना पटलं. मग त्यांची नजर गालावर गेली.

"दाढी कधी केली, काका?"

"रोज असती की!" विजयसिंहच बोलला, छाती काढून. "बघा, कसा तुळतुळीत गाल हाय. आमच्यात थोरल्या माणसाची आबाळ न्हाय, म्याडम."

पेन थांबलं. "रोज? या गालावरसुद्धा?"

आपण काय बोलून बसलो हे विजयसिंहच्या ध्यानात आलं. त्यानं आण्णांकडं पाहिलं. आण्णांनी नुसतं 'न्हाय' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण परक्या बाईसमोर लेकाला खोटं पाडायचं?

"पोरगं म्हणतंय न्हवं," आण्णा अर्ध्या तोंडानं पुटपुटले. "रोज."

"न्हाय, म्याडम!" विजयसिंहचे कान तापले. "खोटं बोललो मी. आजच केलीया, तुमी येणार म्हणून. लई सोसलं त्यांनी."

बाई रागावल्या नाहीत. तेच जास्त लागलं. "साहेब, मी काय लिहू? मघाचं, का आत्ताचं?"

"थांबा, गालाला हात लागला की काय हुतं ते दावतोच तुमास्नी." आणि विजयसिंहनं आण्णांच्या गालाकडं हात नेला.

हात येताना आण्णांनी पाहिला. मागं सरले नाहीत. डोळे मिटून त्यांनी गाल पुढं केला.