लेखी खात्री

नवी इंटरनेट लाइन घ्यायची म्हणून कंपनीचा माणूस फॉर्म घेऊन घरी आला, तेव्हा मुलगी फोनवर होतीच. "बाबा, सगळं नीट विचारून घ्या. ती जुनी रडकी लाइन काढा एकदाची."

मी शिंपी आहे, माप घेतल्याशिवाय कात्री लावत नाही. शेजाऱ्यांकडे चौकशी झालीच होती, एकच शंका उरली होती. बायको आजारी असताना दुकानातून लक्ष ठेवता यावं म्हणून तिच्या खाटेसमोर मी कॅमेरा लावला होता. तिला जाऊन सात महिने झाले. तरी रोज दुपारी चारला, तिच्या उठून बसायच्या वेळी, माझ्या फोनवर निरोप येतो, 'खोलीत हालचाल'. उघडून बघितलं तर खाट रिकामी.

हे ऐकून कंपनीचा माणूस हसला. "काका, तुमची लाइन अडखळते, चित्र उडी मारतं आणि कॅमेऱ्याला वाटतं कुणी हललं. आमच्या लाइनवर असा निरोप परत कधीच येणार नाही."

"लिहून द्याल?"

"आत्ता देतो की!" त्याने फॉर्मवरच लिहून खाली सही केली.


मी माझी सही न करताच पेनाला टोपण लावलं आणि फॉर्म त्याला परत दिला. चार वाजत आले होते.