जवाचा नैवेद्य

सिद्धेशने ॲन आर्बरच्या अपार्टमेंटमध्ये घरीच बिअर बनवायला घेतली. आईचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा तो आंघोळ करून, केस बांधून, एकेक भांडं उकळत्या पाण्यातून काढत होता आणि रूममेटवर खेकसत होता, "लांब हो यार, हात लागला तर सगळं फेकून द्यावं लागेल."

आईचे डोळे भरून आले. पुण्यात असताना हाच मुलगा स्वतःचा चहाचा कप विसळत नव्हता.

"कसला नैवेद्य करतोयस रे?"

"जवाचा," सिद्धेश म्हणाला. खोटं तर बोलला नव्हता.

त्यानंतर आई प्रत्येक स्थळाला कौतुकाने सांगायला लागली की मुलगा अमेरिकेत राहूनही कडक सोवळं पाळतो, जवाचा नैवेद्य करतो आणि दोन आठवडे त्याला कुणाला शिवू देत नाही. एकामागून एक मुली नाही म्हणाल्या.

शेवटी अमेरिकेतच अल्फारेटाला राहणाऱ्या चैत्रालीचा मेसेज आला. सिद्धेशने तो घाबरतच उघडला.

"काकूंनी नैवेद्याचं सगळं सांगितलं. माझाही परवाच बाटल्यांत भरून झाला. तू यीस्ट कुठलं वापरतोस?"